काळाराम ते मुक्तिभूमी : सायकलवरचा एक दिवस

(विहाराच्या वर्धापन दिन समारंभात उपासक मित्रांच्या वतीने वाचून दाखविलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

प्रथम एक खुलासा. हे भाषण एकट्याचे नाही. वरच्या गल्लीतल्या एकाने आणि खालच्या गल्लीतल्या एकाने विहाराच्या पायरीवर शेजारी बसून ते लिहिले आहे. म्हणून यात 'मी' कुठेच नाही, 'आम्ही' आहे. हा 'आम्ही' आम्हाला सहज मिळालेला नाही. तो नाशिक-येवला रस्त्यावर, एका माणसाच्या मोडलेल्या मनगटाच्या किमतीला मिळाला. ती हकीकत आज सांगायची आहे. विहाराच्या वर्धापन दिनी भिंती कोणी बांधल्या, फरशी कोणी दिली, बुद्धमूर्ती कोणी आणली हे सांगितलं जातं, आणि ते सांगितलंच पाहिजे. पण माणसं कशी जोडली गेली तेही कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं आम्हाला वाटलं.

गोष्ट २०१९ सालची. त्या आधीचं दीड वर्ष आठवा. जयंतीच्या जमाखर्चावरून आपल्या वस्तीत दोन तट पडले होते. एका बाजूचं म्हणणं, मिरवणूक दणक्यात झाली पाहिजे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, डीजेवर उधळता ते पैसे अभ्यासिकेला द्या. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. पण हळूहळू हिशोब बाजूला राहिला आणि माणसावर आलं. वंदनेला सुद्धा वरची गल्ली डाव्या भिंतीला आणि खालची गल्ली उजव्या भिंतीला उभी राहू लागली. भांडण मात्र कधी झालं नाही. आम्ही एकमेकांशी बोलणंच सोडलं होतं, मग भांडण होणार कसं? बाहेरचा पाहुणा आला की म्हणायचा, "वा, तुमच्या विहारात किती शांतता!"

अशा वेळी आमचे आप्पा दोन्ही गल्ल्यांत फिरले. आप्पा तेव्हा ६३ वर्षांचे होते, प्रेसमधून निवृत्त. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ड्यूटीवर जाणं-येणं सायकलवरच केलं. तीच काळी, उंच, मोठ्या कॅरिअरची सायकल आजही त्यांच्या दारात उभी असते. ते एवढंच म्हणाले, "पोरांनो, भांडायचं ते नंतर भांडा. १३ ऑक्टोबरला माझ्याबरोबर सायकलवर येवल्याला चला."

१३ ऑक्टोबर हा दिवस या सभेला सांगायला नको, पण लहान मुलं बसली आहेत म्हणून सांगतो. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांसारखे खंदे कार्यकर्ते. माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, पण दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत, सुमारे दहा हजार लोकांसमोर बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बंद दारापुढे शक्ती खर्च करणं थांबवा, हा निर्णयही त्याच परिषदेत झाला. म्हणजे काळाराम ते येवला हा नुसता गाडीरस्ता नाही. दार ठोठावण्यापासून स्वतःची वाट धरण्यापर्यंतचा तो रस्ता आहे. आपल्या बापजाद्यांना तो कापायला साडेपाच वर्षं लागली. आम्हाला एक दिवस लागणार होता. अंतर साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

त्या वर्षी योग असा, की १३ ऑक्टोबरला रविवार होता आणि आश्विन पौर्णिमाही. म्हणजे वर्षावास समाप्तीचा दिवस, पवारणेचा दिवस. आप्पांनी दिवस जाणून निवडला होता हे आम्हाला संध्याकाळी कळलं. सकाळी आमचं लक्ष फक्त टायरमधल्या हवेकडे होतं.

आम्ही एकूण चौदा जण. वरच्या गल्लीतले सहा, खालच्या गल्लीतले सहा, त्यांत दोन मुली, आणि आप्पा व त्यांची दहावीतली नात. नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करण्याची अवघड सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर ते जास्तच वाढलं. आमच्यातल्या चौघांकडे गियरच्या सायकली होत्या, बाकी साध्या. तयारी मात्र दोन्ही गल्ल्यांनी वेगवेगळी केली. दोन पंप, दोन पंक्चरच्या पिशव्या, औषधाचे दोन डबे. आप्पांच्या कॅरिअरला पाण्याची बाटली, टॉवेल आणि एका फडक्यात बांधलेली चटणी-भाकरी, बस्स.

पहाटे साडेचारला विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन निघालो. पंचवटीत काळाराम मंदिराच्या परिसरात दोन मिनिटं शांत उभे राहिलो. आप्पा म्हणाले, "इथून सुरुवात. मागे वळून पाहायचं नाही असं मी म्हणणार नाही. मागे पाहतच चालायचं." आम्हाला ते भाषणातलं वाक्य वाटलं. त्याचा साधा अर्थ दुपारी कळला.

नांदूर नाक्यावरून औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता धरला. ओढा मागे टाकेपर्यंत फटफटलं. चांदोरीला गोदाकाठचा गारवा होता, तिथे सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. दिवसभरातला तो शेवटचा एकत्र चहा. पुढे निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे. छाटणीचे दिवस होते, बाया-माणसं छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावण्याच्या कामाला भल्या सकाळी लागलेली होती. आपल्याकडच्या कित्येक आयाबहिणींनी याच मळ्यांत मजुरी करून पोरं शिकवली. आमच्यातल्या एकीने सायकलवरूनच हात करून दाखवलं, "माझी आई याच पट्ट्यात कामाला यायची."

लांब पल्ल्याची सायकल कशी चालवावी याबद्दल दोन शब्द, कारण पुढच्या वर्षी तुमच्यातले काही येणार आहेत. पहिल्या दहा किलोमीटरला दम आहे म्हणून जोर लावायचा नाही. सीट इतकी वर घ्यायची, की पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असली की संध्याकाळी गुडघे बोलतात. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर. रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक चालायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की सर्वांत हळू चालणारा जो असेल त्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं. हे सगळे नियम आप्पांनी आदल्या रात्री सांगितले होते. शेवटचा सोडून बाकी सगळे आम्ही पाळले.

निफाडला नाश्ता झाला. एका गल्लीने एका गाड्यावर मिसळ खाल्ली, दुसरीने पलीकडच्या गाड्यावर पोहे. आप्पा मधे ओट्यावर बसले आणि दोन्हीकडे पाहत आपली भाकरी खाल्ली. तिथून निघालो ते शर्यत लावल्यासारखेच. कोणी 'शर्यत' हा शब्द उच्चारला नाही, पण वरच्या गल्लीचा एक पुढे गेला की खालच्या गल्लीचे दोन त्याच्या पुढे. विंचूरला रविवारचा कांद्याचा बाजार बंद होता. २९ सप्टेंबरला निर्यातबंदी झालेली, त्यामुळे चहाच्या टपरीवर कांद्याच्या भावाशिवाय दुसरा विषय नव्हता. विधानसभेचं मतदान आठ दिवसांवर होतं, भोंगे लावलेल्या प्रचाराच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. पावसाने रस्त्याला खड्डे पडलेले. ऊन चढलं आणि वारा समोरून सुटला. समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ. तरीही आम्ही जोर कमी केला नाही.

देशमाने मागे पडलं. येवला तालुक्यात मक्याची सोंगणी चालू होती, ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला बिट्या वाळत घातलेल्या. साडेबाराच्या सुमारास आम्ही येवल्याच्या अलीकडे एका झाडाखाली पोहोचलो. वरच्या गल्लीतले आधी, खालच्या गल्लीतले दोन मिनिटांनी. पाणी प्यालो, डोक्यावर ओतलं. दहा मिनिटं गेली, वीस मिनिटं गेली. मग कोणीतरी विचारलं, "आप्पा कुठे?"

वरची गल्ली म्हणाली, "तुमच्याबरोबर होते ना?"

खालची गल्ली म्हणाली, "आम्हाला वाटलं तुमच्याबरोबर आहेत."

बंधू-भगिनींनो, दीड वर्षानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पिशवीतून फोन काढले तेव्हा आप्पांच्या नातीचे कॉल येऊन गेलेले दिसले. एकाच्या फोनवर सहा, दुसऱ्याच्या फोनवर चार. फोन पिशवीत आणि मन शर्यतीत, ऐकणार कोण?

घडलं होतं असं. जळगाव नेऊरच्या अलीकडे मागून प्रचाराच्या गाड्यांचा ताफा आला आणि समोरून मक्याची ट्रॉली. आप्पांनी सायकल साइडपट्टीवर घेतली. डांबर आणि साइडपट्टी यांत वीतभर खोल कडा होता. पुढचं चाक अडकलं आणि आप्पा उजव्या हातावर पडले. पंधरा-सोळा वर्षांची पोर एकटी. गाड्या थांबल्या नाहीत. आमच्याकडे पंप दोन, औषधाचे डबे दोन, धडधाकट माणसं बारा. पण जिथे माणूस पडला तिथे यांतलं काहीच नव्हतं.

रस्त्याच्या कडेला बिट्या पसरणारं एक शेतकरी जोडपं धावत आलं. त्यांनी आप्पांना उचलून सावलीत बसवलं. बाईंनी गुडघ्याच्या जखमेत हळद भरली, हात पदराच्या फडक्याने गळ्यात बांधून दिला आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन तांब्या आप्पांच्या डाव्या हातात दिला. म्हणाल्या, "बाबा, दमानं प्या. आज तुमचा येवल्याचा दिवस ना? दरसाल लोक जाताना दिसतात."

आम्ही धापा टाकत परत पोहोचलो तेव्हा आप्पा तो तांब्या मांडीवर घेऊन बसले होते. आम्हाला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "माझा बाप याच पट्ट्यात कामाला यायचा. त्याला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आज तांब्या हातात मिळाला." एका तांब्याने सगळं मिटलं असं आम्ही म्हणत नाही. गावोगाव काय चालतं ते आपण रोज वाचतो. पण त्या माउलीने आमची जात ओळखूनही विचारली नाही, हेही तितकंच खरं आहे. आणि ज्यांची जात एक, विहार एक, बाप एक, ते आम्ही मात्र आमच्या म्हाताऱ्याला उन्हात सोडून पुढे निघून गेलो होतो. त्या वेळी आमच्यापैकी एकालाही मान वर करता येईना.

एक पिकअप मिळाली. आप्पा आणि नात पुढे बसले. आप्पांची सायकल कोण नेणार? ती गाडीत टाकू म्हटलं तर आप्पा ऐकेनात. "ती चालत येवल्याला जाईल," म्हणाले. मग एकाची गियरची सायकल पिकअपमध्ये चढवली आणि त्याने आप्पांची घेतली. दोन किलोमीटरवर त्याचा दम निघाला. दुसऱ्या गल्लीतल्याने न सांगता सायकल बदलून घेतली. पुढे दर दोन किलोमीटरला हेच. त्या काळ्या सायकलवर बसल्यावर कळलं, की पहाटेपासून आप्पा काय ओढत होते. सायकल जड, सीट टणक, वारा समोरून. आम्ही मनात म्हणत होतो, 'आप्पा हळू चालतात.' ते हळू चालत नव्हते. त्यांचं ओझं जास्त होतं. एकमेकांबद्दल आपण जी मतं बनवतो ती बहुतेक अशीच असतात. त्याच्या सायकलवर न बसता बनवलेली.

येवल्यात डॉक्टरांनी हात बांधून दिला. दुसऱ्या दिवशी नाशिकला फोटो काढला तेव्हा मनगटाला तडा निघाला, दीड महिना प्लास्टर झालं. पण त्या संध्याकाळी आप्पा घरी जायला तयार नव्हते. मुक्तिभूमीवर माणसांची रीघ लागली होती. गावोगावहून बायाबापड्या, पोरंबाळं, निळे झेंडे. रांगेत उभे राहून आम्ही वंदना केली. सूर्य मावळला आणि पूर्वेला पूर्ण चंद्र वर आला. बाजूला एका मोकळ्या जागेत आप्पांनी आम्हाला गोल बसवलं आणि पवारणा म्हणजे काय ते सांगितलं.

विनयपिटकात ती कथा आहे. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला राहिले. आपसात भांडण होऊ नये म्हणून त्यांनी ठरवलं, की तीन महिने एकमेकांशी बोलायचंच नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात भगवंतांकडे गेले आणि आम्ही किती गुण्यागोविंदाने राहिलो ते सांगू लागले. भगवंतांनी त्यांची स्तुती केली नाही. असं मुक्यानं एकत्र राहणं हे गुराढोरांचं राहणं आहे, अशा अर्थाचे बोल त्यांनी सुनावले. आणि नियम घालून दिला, की वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघाला विनंती करायची : माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा, मी ते सुधारीन. थोरातल्या थोर भिक्खूनेही हे विचारायचं. त्याचं नाव पवारणा.

आप्पा म्हणाले, "हा भिक्खू संघाचा विधी आहे, आपण तो करू शकत नाही. पण त्यातली शिकवण आपली आहे. आपलं विहार दीड वर्ष त्या मुक्या भिक्खूंसारखं चाललंय. लोक त्याला शांतता म्हणतात." आणि सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. "विंचूरलाच मला गरगरत होतं. मी सांगितलं नाही. म्हातारा थकला असं कोणी म्हणू नये, हा माझा गर्व. त्यापायी या पोरीचा जीव टांगणीला लागला. माझं चुकलं."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. पहिली बोलली ती त्यांची नात. ती म्हणाली, "दादांनो, मी दहा वेळा फोन केला. मला वाटलं तुम्ही मुद्दाम उचलत नाही." यावर काय उत्तर द्यावं? आमच्यातला सर्वांत दांडगा गडी ओंजळीत तोंड लपवून रडला. मग एकेक जण बोलू लागला. एकाने कबूल केलं, की जयंतीचा हिशोब बरोबर आहे हे माहीत असूनही तो चुकीचा असल्याची कुजबुज त्याने चालू ठेवली. दुसऱ्याने कबूल केलं, की हिशोब बरोबर असूनही वही दाखवायची नाही, हा हट्ट त्याचा होता. वही दाखवली असती तर पाच मिनिटांत विषय संपला असता. एवढ्याशा गोष्टीला आम्ही दीड वर्ष घातलं.

आप्पा शेवटी एवढंच बोलले, "१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब इथे बोलले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं आणि एक दिवस. इतकी वर्षं ते का थांबले? अभ्यास केला, आणि लाखो लोकांना बरोबर घेतलं. एकट्यालाच जायचं असतं तर दुसऱ्याच दिवशी गेले असते." सकाळचा नियम आम्हाला तेव्हा उमगला. सर्वांत मागे जो असेल त्याच्यासाठी थांबायचं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत सायकली घालून परत आलो. नोव्हेंबरमध्ये याच विहारात, याच ठिकाणी जमाखर्चाची वही मोठ्याने वाचली गेली. मिरवणूक राहिली, पण डीजेचा खर्च निम्म्यावर आला आणि उरलेल्या पैशांतून अभ्यासिकेत टेबलं-खुर्च्या आल्या. सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. मतभेद आजही होतात. फरक इतकाच, की आता आम्ही बोलतो. २०२० साली कोरोनामुळे जाता आलं नाही, त्यानंतर मात्र येवल्याची वारी चुकलेली नाही. आता पंपाची पिशवी एकच असते आणि ती सर्वांत शेवटच्या सायकलवर असते.

आज या निमित्ताने विहार समितीपुढे आम्ही दोन विनंत्या ठेवतो. एक, दर आश्विन पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवावा. त्या वेळी आपण उपासक-उपासिकांनी, पदाधिकाऱ्यांनी सुद्धा, एकमेकांना विचारावं, "आमचं काही चुकलं का?" वर्षाचा हिशोबही त्याच दिवशी वाचावा. दुसरी विनंती पालकांना. पुढच्या १३ ऑक्टोबरला मुलांबरोबर मुलींनाही पाठवा. सायकल जुनी असली तरी चालेल. ब्रेक आणि टायर आम्ही तपासून देऊ. तुमची मुलगी मागे राहिली तर सगळे थांबतील, हा शब्द आम्ही दोन्ही गल्ल्यांच्या वतीने देतो.

आप्पा समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. मघापासून ते मानेने 'पुरे' म्हणत आहेत. त्यांचं ऐकायला आम्ही जरा उशिरा शिकलो, तेव्हा आज तरी लगेच ऐकतो आणि आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!